इलेक्ट्रिक की कोळशाचा

झाकण उघडलं, ऊन वाफ तोंडावर आली आणि किशोरनं तोंड फिरवलं. तसं बघायला गेलं तर भ्यायचं काही कारण नव्हतं. चांदणी चौकाच्या पुढं रस्त्याला लागून एक चकाचक दुकान, दुकानामागं फरशी घातलेलं अंगण, अंगणात तीन पायांवर उभं असलेलं काळं पिंप, आणि पिंपातल्या जाळीवर सकाळपासून कोळशाच्या धगीत मुरत पडलेलं मटण. पियूष तर नाक पुढं करून श्वास ओढत होता. हा पियूष हिंजवडीत नोकरीला. किशोरनं शेतावर बांधलेल्या खोल्यांना शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं तोच आणायचा, आणि म्हणून भागीदार. त्याच्या म्हणण्याप्रमाणं आता गिऱ्हाइकाला चुलीवरची कोंबडी पुरत नव्हती. त्याला स्मोकरमधलं पाहिजे होतं, म्हणजे जाळावर न धरता दिवसभर धुरात शिजवलेलं मटण. बरं, पाहिजे तर पाहिजे, घेऊ, असं म्हणून किशोर आला होता. पण झाकण उघडलं आणि आतल्या लाल निखाऱ्यांवरची ती सुकी, गोडसर, घशाला धरणारी ऊब अंगावर आली, तसा तो मागं सरला. उगीच मोबाइल काढून बघायला लागला.

दुकानातला ऋषिकेश नावाचा पोरगेला माणूस मोठ्या उत्साहात होता. गॉगल डोक्यावर सरकवून तो पिंपाची खालची आणि वरची तोंडं उघडून-मिटून दाखवत होता. "सर, सगळी मजा या व्हेंटमध्ये आहे. पूर्ण उघडलं तर कोळसा भडकतो. पूर्ण बंद केलं तर विझतो. पण थोडंसंच उघडं ठेवलं ना, की तो धड जळत पण नाही आणि विझत पण नाही. नुसता धुमसत राहतो. दिवसभर! तुम्ही झोपा, तो त्याचं काम करतो." पियूष हसला. ऋषिकेशला हसणारं गिऱ्हाईक आवडत असावं, कारण तो पुढं म्हणाला, "फक्त एक, हा बाहेरच ठेवायचा हं. पाऊस आला, थंडी वाजली म्हणून आत घ्यायचा नाही. बंद खोलीत कोळसा म्हणजे संपलंच. माणूस झोपेत जातो, त्याला कळत पण नाही." पियूष म्हणाला, "अरे, आमच्याकडे धरणाचा वारा असा सुटतो की तंबू उडतात, बंद खोलीचं काय घेऊन बसलास!" दोघं पुन्हा हसले. किशोरला वाटलं, आता आपणही हसायला पाहिजे. तोंड तसं करून बघितलं, पण ते जमलं नाही.

"आपण इलेक्ट्रिक घेऊ," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला असावा, दोघंही त्याच्याकडं बघायला लागले. इलेक्ट्रिकचा आत दुकानात, काचेच्या दाराचा, कपाटासारखा उभा होता. प्लग लावायचा, बटणानं उष्णता ठरवायची, बाजूच्या खणात मूठभर लाकडाच्या ढलप्या टाकायच्या. राख नाही, निखारा नाही. किशोरला तो बघताक्षणी आवडला होता, का ते त्यालाच ठाऊक. पियूषनं कपाळावर हात मारला. "किशोर, मुळशीत राहून तू इलेक्ट्रिक म्हणतोस? तुमच्याकडे ढग आला तरी लाईट जाते. मटण अर्धं शिजल्यावर लाईट गेली तर मी पंधरा इंजिनियर लोकांना काय खायला घालू, कच्चं मटण? आणि चव? लोक दीड तास ट्रॅफिकमध्ये सडून येतात ते कपाटातलं मटण खायला?" यातलं एकही खोटं नव्हतं. किशोरनं राखेचं सांगून बघितलं, ठिणगीचं सांगितलं, गवत पेटेल म्हणाला. प्रत्येकाला पियूषकडं उत्तर होतं. खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं माणूस सांगायला लागला की ती अशी एकेक गळून पडतात. शेवटी किशोर गप्प झाला, आणि गप्प म्हणजे हो, असं धरून पियूषनं कोळशाचा ठरवला. ऋषिकेशनं खूश होऊन कोळशाचं एक पोतं वर फुकट दिलं. पिंप गाडीच्या मागं झोपवलं, पोतं त्याच्या शेजारी, आणि पियूष त्याच्या दुचाकीवरून हिंजवडीला गेला. किशोर एकटा गाडी घेऊन पौडच्या रस्त्याला लागला.

भुगाव गेलं, भुकूम गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठलेल्या आणि प्रत्येकीला काचेच्या सरकत्या खिडक्या. या खिडक्यांचं किशोरला एकेकाळी किती अप्रूप होतं! वरची पड जमीन प्लॉटिंगवाल्याला दिली आणि जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, तेव्हा गवंड्याच्या मागं लागून त्यानं असल्याच खिडक्या बसवून घेतल्या होत्या. जुन्या घराला कौलं होती. चूल पेटली की धूर निवांत वर जायचा आणि कौलांच्या फटीफटीतून बाहेर पडायचा. पहाटे लांबून बघितलं तर सगळं छप्परच वाफाळतंय असं दिसायचं. भिंतींना भोकं, दाराखाली मांजर जाईल एवढी फट, माळ्याला उंदरांच्या वाटा. त्या घरात किशोर जन्मला, त्याची बहीण रेश्मा जन्मली, चुलत्यांची पोरं जन्मली, आणि प्रत्येकाच्या वेळी बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी होती. कंबर शेकायची, पोराला ऊब द्यायची, निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून धुरी द्यायची. चंद्राबाईनं, म्हणजे किशोरच्या आईनं, कितीतरी बायांची बाळंतपणं अशी काढली होती. गावात कुणी अडलं की बोलावणं तिला यायचं. तिचं काही चुकलं नव्हतं. घर बदललं होतं, आणि ते बदलणारा किशोर होता.

किशोरची बायको साधना, तिची आई लग्नाआधीच काळजाच्या झटक्यानं गेलेली. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथंच झालं. मुलगी झाली. चंद्राबाई नुसती नाचायची बाकी होती. नव्या घरातली आतली खोली तिनं बाळंतिणीला दिली, आणि मग सरकत्या खिडक्यांतून येणारी बारीक हवा तिला खुपायला लागली. 'बाळंतिणीला वारा लागला की जलमाचं दुखणं,' म्हणत तिनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून खिडकीच्या सगळ्या फटींत कोंबल्या. दाराखाली गोणपाट दाबलं. किशोरनंच तिला स्टूल धरलं होतं. शेगडी मात्र ती कधी धूर असताना आत न्यायची नाही. अंगणात पंख्यानं वारा घालून कोळसा फुलवायची, धूर पुरता जाईस्तवर थांबायची, लेकराच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. मग लालबुंद निखारे घेऊन आत. साधनाचं डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. सगळ्या म्हणायच्या, अशक्तपणा आहे, बाळंतवारा आहे, आणखी शेका. आणि मग आणखी शेकायचे.

थंडीचे दिवस होते. त्या दुपारी चंद्राबाई तेल-पाणी उरकून मायलेकींना निजवून बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. अंगणात बसून डिंकाचे लाडू वळले. मध्येच म्हणाली, "आज पोरगी लई शांत निजलीय, दृष्ट काढाय पायजे." किशोर तिथंच होता. त्यानं एक लाडू तोंडात टाकलाही होता. आता भुकूम मागं टाकून पिरंगुटचा घाट चढताना तो लाडू त्याला पुन्हा जिभेवर लागला, आणि गाडी बाजूला घेऊन खिडकी उघडून थुंकावं असं वाटलं. दार उघडलं तेव्हा खोलीत धूर नव्हता, वास नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. नुसती ऊब होती, छान ऊब. साधना घोरल्यासारखी श्वास घेत होती आणि उठत नव्हती. पोरीचे गाल गुलाबी होते. गुलाबी गाल बघून चंद्राबाईला केवढा धीर आला होता! तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि मान कलंडली, तेव्हा कुठं ती ओरडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी किशोरला एकट्याला आत बोलावलं. कोळशाचा वायू, ते म्हणाले, बंद खोली, लहान जीव, आई वाचली हेच नशीब. शांतपणे सांगितलं, दोनदा सांगितलं. किशोर मान हलवत बाहेर आला तर चंद्राबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. मुलीचं टोपरं तिनं मुठीत धरलं होतं. "काय म्हणला रं डाक्टर?" तिनं विचारलं. आणि किशोर बोलून गेला, "हृदयाला भोक व्हतं तिच्या. जन्मताच." कुठून आलं त्याच्या तोंडात, देव जाणे. वरच्या आळीतल्या एका पोराला तसं होतं, तेवढंच त्याला ठाऊक. आईचा चेहरा बघून जे हाताला लागलं ते त्यानं पुढं केलं. साधनाचं काय, तर पोरीला बघून तिला धक्क्यानं भोवळ आली. झालं, सगळं जुळलं. त्या घटकेला ते खोटं चांगुलपणाचंच होतं. म्हातारीनं हे कळल्यावर विहीर जवळ केली असती, असं त्याला वाटलं, आणि वाटलं ते चूक नसेलही.

पण खोटं तिथं थांबलं नाही. आईवरनं उतरवलेलं ओझं कुठंतरी ठेवावं लागतंच, आणि ते त्यानं न बघता बायकोच्या डोक्यावर ठेवलं होतं. साधनाची आई काळजानं गेलेली! चंद्राबाईनं दोन्ही गोष्टी जोडायला कितीसा वेळ लावला? पहिल्यांदा शेजारणीजवळ बोलली, मग घरात बोलली, मग साधनाच्या तोंडावर. "तिच्या आईलाबी काळजाचंच व्हतं. रगतातच हाय, त्याला ती तरी काय करंल?" चंद्राबाईला वाटायचं आपण सुनेची बाजूच घेतोय. साधना ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायची. आणि किशोर? किशोर त्या भाकऱ्या खायचा. दुसऱ्या मुलाचं त्यानं एकदाच काढलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पुन्ना तसंच काळीज घेऊन आलं तर? माझ्या पोटात न्हाई घडत चांगलं." तेव्हा सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं. पण आता सांगायचं तर नुसतं आईचं नाही, इतके दिवस आपण गप्प होतो हेही सांगावं लागणार. तो कूस बदलून पडून राहिला. त्यानंतर साधनानं गावातल्या बारशांना जाणं सोडलं. बोलावणं आलं की डोकं दुखतंय म्हणायची.

आणि आता रेश्मा यायची होती. किशोरची धाकटी बहीण, पहिलटकरीण, आठवा लागलेला. रविवारी तिचा नवरा तिला बाळंतपणाला आणून सोडणार होता. किशोरला हे काय आज कळलं नव्हतं. गेले कित्येक दिवस तो मनाशी डाव मांडत होता. घरात कोळसाच येऊ द्यायचा नाही. स्मोकर इलेक्ट्रिक घ्यायचा, आणि त्याच्याच सोबत खोलीत लावायचा विजेचा हीटर आणायचा, आईला म्हणायचं, बघ किती सोपं, राख नाही, झंझट नाही. म्हणजे खोटंही राहील आणि पोरही जगेल. असा त्याचा हिशोब. पौड आलं, एसटी स्टँडपुढच्या गर्दीतून गाडी काढली, आणि तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. इतका विचार करून शेवटी आपण घरी काय घेऊन निघालोय, तर पोतंभर कोळसा! पियूषला दोन शब्द खरे सांगता आले नाहीत म्हणून.

गाडी अंगणात लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. चंद्राबाई बाहेर आली, पिंपाकडं बघून म्हणाली, "ह्ये काय, देगडी म्हनायची का टाकी?" आणि मग पोतं दिसलं. तिनं हात घालून एक तुकडा काढला, दुसऱ्यावर आपटून बघितला. "चांगला खणखणीत हाय की! बरं झालं बाबा, मी तुला सांगणारच व्हते. रेशमीच्या शेगडीला लागंलच." किशोर तिच्यामागं आत गेला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बाज धुऊन वाळवून मांडली होती. साधना स्टुलावर उभी होती. तिच्या खांद्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या आणि ती एकेक पट्टी बोटानं दाबत खिडकीच्या फटीत भरत होती. नीट, सावकाश, कुठं मोकळं राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा चाचपत.

"आई, शेगडी न्हाई ठेवायची," किशोर म्हणाला.

"आं?"

"हीटर आणतो मी. विजेचा. उद्याच आणतो."

"बाळंतिणीला तारंची ऊब?" चंद्राबाई हसली. "आनि धुरी कशावर टाकू, बटनावर? ती लाईट चार घटका टिकत न्हाई तुझी. काय तरीच बोलतुया."

"आई, ऐक माझं. शेगडी नगं म्हणजे नगं."

"का पर? काय वाईट झालंय शेगडीनं? तू शेगडीवरच वाढलास न्हवं? ह्या आख्ख्या आळीतली पोरं घे. आनि तुझी पोर गेली ती काय शेगडीनं गेली का? ती तिच्या काळजानं गेली. ज्याच्या त्याच्या रगतात असतंय त्ये. माझ्या रेशमीच्या रगतात तसलं कायबी न्हाई."

साधनाचा हात थांबलासुद्धा नाही. तिनं खांद्यावरची पुढची पट्टी घेतली, चुण्या सरळ केल्या आणि फटीत भरायला लागली. एवढंच बघितलं किशोरनं. ती रडली असती, फणकारली असती, निदान वळून बघितलं असतं, तर कदाचित तो आजही तोंड मिटून राहिला असता. पण त्या न थांबलेल्या हाताची त्याला अशी भीती वाटली की शब्द तोंडातून निघूनच गेले.

"तिच्या काळजाला काय झालं नव्हतं, आई. ती कोळशानं गेली. खोली बंद होती म्हणून."

चंद्राबाईला आधी कळलंच नाही. "कोन म्हनलं?"

"डाक्टर."

"कवा?"

"तवाच."

ती बाजेची कड चाचपून खाली बसली. "पर मी धूर जाऊ दिल्ता रं," ती म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा येत होता. "धूर जाईस्तवर आत न्हेलीच न्हवती. अंगनात फुलवून, पुरती लाल करूनच... तू हितंच व्हतास की. तू बघितलंस की."

"धुरानं नाही, आई. निखाऱ्यातनं वायू निघतो. दिसत नाही, वास येत नाही. जुन्या घरात तो कौलांतनं जायचा. इथं..." चंद्राबाईनं मान वर करून स्लॅबकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग आपल्या हातांकडं. हात उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "म्हंजी म्याच," ती म्हणाली, आणि पुढं नुसताच एक लांब आवाज तिच्या तोंडातून निघत राहिला. रडणं त्याला म्हणता आलं नसतं. किशोर तिला धरायला पुढं झाला. तिनं त्याचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

साधना स्टुलावरून उतरली. खांद्यावरच्या पट्ट्या काढून तिनं बाजूला ठेवल्या. किशोरला वाटलं, आता ही आईला बोलणार. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर काढणार. आणि काढावं, तिचा हक्कच आहे. तो मध्ये पडायच्या तयारीनं उभा राहिला. पण ती त्याच्याच समोर आली.

"माझ्या अंगात कायबी वाईट न्हवतं?"

"नव्हतं."

"पोरगी चांगली व्हती?"

"चांगली होती. धडधाकट होती."

"धडधाकट," ती म्हणाली. शब्द तोंडात घोळवून बघावा तशी तिनं तो पुन्हा एकदा म्हटला. मग तिचा चेहरा जरासा मोकळा झाला, आणि किशोरला क्षणभर, फक्त क्षणभर, हायसं वाटलं. सुटलो, असंच वाटलं. तो घाईघाईनं सांगायला लागला, की आईची ती अवस्था बघून, त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, पुढं मग सांगायचं राहून गेलं, सांगणारच होतो. 'राहून गेलं' हे त्याच्याच कानाला इतकं घाण लागलं की वाक्य मध्येच सुटलं.

"आईंनी शेगडी ठेवली," साधना म्हणाली. "त्यांना ठाऊक न्हवतं. तुमाला ठाऊक व्हतं. मी समद्या गावात मान खाली घालून फिरले, तुमी बघत व्हता. आज हितं मी रेश्मासाठी पट्ट्या भरतीये. तुमी आज बोलला न्हसता तर?"

"बोललो ना पण."

"आज," ती म्हणाली.

ती बाजेवर चंद्राबाईला खेटून बसली. म्हातारीचे काळे झालेले हात तिनं आपल्या मांडीवर घेतले आणि पदरानं पुसायला लागली. चंद्राबाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून तोच आवाज काढत होती, आणि मध्येमध्ये "माझ्या बाये, माझ्या बाये" म्हणत होती. हे ती साधनाला म्हणत होती की गेलेल्या पोरीला, ते किशोरला समजलं नाही. काहीतरी करावं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला.

"रेश्माला सांगतो मी," तो म्हणाला. "शेगडीचं आत्ताच सांगून टाकतो सगळं."

"तुमी नगं," साधना मान न वळवता म्हणाली. "तिला खरं सांगायचंय. मी सांगते."

किशोरनं फोन परत खिशात ठेवला. तो दाराच्या चौकटीत उभा होता. आत दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या, आणि त्याला कुणी आत ये म्हणालं नाही.